हातावेगळी विद्या

एखादे काम पुरे करून टाकले की ते हातावेगळे केले, असे आपण म्हणतो. काम हातावेगळे व्हावे यात वावगे काही नाही. परंतु आपल्या समाजाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत विद्याच हातावेगळी करून टाकली आहे. पुरी करून नव्हे, तर तिचा हाताशी असलेला संबंध तोडून. मूल शाळेत जाते ते डोळे, कान आणि लेखणी धरण्यापुरती तीन बोटे घेऊन. बाकीचा देह घरी ठेवून गेले असते तरी चालले असते, अशी आपल्या अभ्यासक्रमांची रचना आहे. या रचनेविरुद्ध आमची तक्रार आहे आणि ती आम्ही या पृष्ठांतून मांडू इच्छितो. कारण जो वाचकवर्ग देवळाच्या सभामंडपात दरवर्षी विद्येचा सत्कार करतो, त्याने तरी सत्कार कशाचा चालला आहे हे एकदा निरखून पाहिले पाहिजे.

कोणी म्हणेल, ही तक्रार आता शिळी झाली. सुरतेतील हव्या त्या शाळेचे माहितीपत्रक उघडा. 'कृतीतून शिक्षण', 'अनुभवातून शिक्षण', 'ॲक्टिव्हिटी' हे शब्द पहिल्याच पानावर झळकत असतात. आमची तक्रार नेमकी याच शब्दांविषयी आहे. खरेदीखतावर सही झाली, स्टँपही लागला, पण जागेचा ताबा काही दिलेला नाही, अशी प्रकरणे वकिलाला नित्याची असतात. कृतियुक्त शिक्षणाचे आपल्याकडे असेच झाले आहे. दस्त उत्तम आहे; ताबा मात्र जुन्याच कुळाकडे, म्हणजे पाठांतर आणि लेखी परीक्षा यांच्याकडे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हाताने करून, एकमेकांस विचारून, चुकून आणि चूक दुरुस्त करून शिकणे ही तयार अभ्यासक्रमाला मागाहून शिवायची झालर नव्हे. अभ्यासक्रम आखतानाच तो त्या पायावर आखला पाहिजे, आणि परीक्षाही त्याच पायावर उभी राहिली पाहिजे. एरवी सारा देखावा होय.

हे सुरतेतून लिहिण्यात एक औचित्य आहे. १८४० च्या दशकात मराठी भाषेचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर या शहरातील सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते, आणि दुर्गाराम मेहताजी येथील गुजराती शाळांतून शिकवीत होते. या दोन पंतोजींनी काही स्नेह्यांसह १८४४ साली मानवधर्म सभा स्थापन केली. त्या सभेच्या सर्व मतांशी आमच्या वाचकांचे जुळेलच असे नाही. पण तिची एक रीत कोणालाही स्मरणात ठेवता येईल. मंत्राने भूत उतरवतो, जादूने अमुक घडवतो, असे म्हणणाऱ्यांना सभेने उघड आव्हान दिले, की चारचौघांत करून दाखवा. शिक्षकाने मांत्रिकाला विचारलेला हा प्रश्न आज पालकाने शाळेला आणि आपण सर्वांनी अभ्यासक्रमाला विचारण्याची वेळ आली आहे. शिकलात म्हणता, तर करून दाखवा.

पुढचा मोठा प्रसंगही याच जिल्ह्यातला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात आपला अहवाल दिला, आणि १९३८ च्या फेब्रुवारीत तापीकाठच्या हरिपुरा गावी सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने त्यातील तत्त्वे मान्य केली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हेच माध्यम, आणि सर्व शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, हा त्या ठरावाचा गाभा. समितीत आपले काकासाहेब कालेलकर आणि विनोबाही होते. त्याच अधिवेशनाच्या मंडपांसाठी नंदलाल बोस यांनी सुतार, शिंपी, वादक अशा काम करणाऱ्या माणसांची चित्रे रंगवली होती. भिंतीवर काम करणारे हात आणि व्यासपीठावर हातांच्या शिक्षणाचा ठराव, असा तो योग होता.

त्या ठरावाचे पुढे काय झाले? टकळी आली, टकळीचा तास आला, सूत निघाले, ते कपाटात पडले. सुताच्या निमित्ताने गणित, भूगोल, इतिहास शिकवायचा ही मूळ कल्पना होती. ती शिकवील असा शिक्षक तयार करण्यात पुरेसे मन कोणी घातले नाही. त्यात वरच्या वर्गांची परीक्षा होती तशीच राहिली. आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की, ज्यांनी ठरावाला हात वर केले त्यांपैकी पुष्कळांनी आपली मुले मात्र इंग्रजी शाळांत ठेवली. नयी तालीम ही गरिबाच्या मुलाची शाळा ठरली आणि गरिबालाही ती नकोशी झाली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तिला 'कार्यानुभव' असे नाव दिले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'अनुभवाधारित अध्ययन' म्हटले आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे धाडण्याची शिफारस केली. एकाच बाळाची चार वेळा बारशी झाली. बाळाने बाळसे काही धरले नाही. वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस दप्तराचे आणि दहा दिवस हाताचे, या वाटणीतच आपली खरी श्रद्धा कोठे आहे ते दिसून येते.

मग हा मार्गच चुकीचा होता काय? तसे म्हणणाऱ्यास आम्ही सुरत-मुंबई लोहमार्गावरील घोलवड स्टेशनावर उतरवू. तेथून जवळच बोर्डी आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. वकिली सोडून ते मुलांकडे वळले, हे आम्ही व्यवसायबंधूच्या अभिमानाने नमूद करतो. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. माँटेसोरीबाईंची साधने सुबक होती खरी, पण महाग होती. ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे यांची साधने केली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचे मूळ तेथले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच, अनुताईंनी कुरणशाळा चालवल्या. खर्च नाही म्हणून हातांनी शिकवता येत नाही, हे कारण बोर्डी-कोसबाडने कायमचे खोडून काढले आहे. तेथे कमतरता पैशाची होती, मनाची नव्हती.

दुसरे उदाहरण पाबळचे. काळबाग हे नाव आमच्या वाचकांस परके वाटू नये. डॉ. श्रीनाथ काळबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले शास्त्रज्ञ, मुंबईतील मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात स्थिरावलेले. १९८३ साली ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या कोरडवाहू गावी गेले आणि तेथे विज्ञान आश्रम उभारला. शाळेतून गळलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, गवंडीकाम, मातीची तपासणी, कोंबडीपालन, रक्तगट ओळखणे अशी कामे शिकवली. आणि ही कामे नमुन्यादाखल न करता गावातील खऱ्या गिऱ्हाइकासाठी केली. गिऱ्हाईक आले की फाटक सरळ उभे राहावे लागते. सत्तर टक्के सरळ उभे राहून चालत नाही. फाटक वाकडे का झाले हे शोधताना काटकोन आपोआप शिकावा लागतो. या शिक्षणात फाटक हाच परीक्षक असतो, आणि तो लाच खात नाही, शिफारस ऐकत नाही.

आता कायद्याकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम व मूल्यमापन यांची पद्धत ठरवणाऱ्या प्राधिकरणाने कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात हे सांगितले आहे. कृती, शोध आणि अन्वेषण यांतून, बालकास रुचेल अशा रीतीने शिकणे ही त्यांतील एक. शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम ही दुसरी. भयापासून मुक्तता ही तिसरी. लोक या कलमाला सदिच्छा समजतात. ती सदिच्छा नव्हे. संसदेने प्राधिकरणावर घातलेले ते बंधन आहे. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवते, ही तिच्या श्रेयाची गोष्ट आहे. पण मातृभाषेत केलेली घोकंपट्टी ही घोकंपट्टीच. कलमाचे एक अंग पाळले म्हणून दुसरे माफ होत नाही.

आमच्या स्वतःच्या धंद्याचे उदाहरण दिले नाही तर आम्ही दुसऱ्यांनाच उपदेश करतो असे होईल. कायद्याच्या पदवीसाठी बार कौन्सिलने १९९७ साली चार व्यावहारिक विषय सक्तीचे केले, आणि २००८ च्या नियमांत ते कायम ठेवले. दावे व दस्त यांचे मसुदे, व्यवसायनीती, तडजोडीचे पर्यायी मार्ग, आणि अभिरूप न्यायालय, असे ते चार. चौथ्या विषयात विद्यार्थ्याने दोन खटले, एक दिवाणी आणि एक फौजदारी, प्रत्यक्ष न्यायालयात बसून पाहावेत, पक्षकाराच्या मुलाखती ऐकाव्यात आणि त्यांची टिपणे ठेवावीत, असे आहे. कागदावर याहून चांगली योजना आम्हास सुचणार नाही. प्रत्यक्षात काय घडते? नव्या वकिलांची जर्नले आमच्या पाहण्यात आली आहेत. दोन निरनिराळ्या गावच्या विद्यार्थ्यांनी एकच खटला, एकाच तारखेस, एकाच शब्दांत 'पाहिलेला' असतो. साक्षीदाराला लागलेला ठसकासुद्धा दोन्हींकडे सारखाच. महाविद्यालयांची नावे घेण्याचे कारण नाही; रोग एकाचा नाही. जर्नल सुंदर बांधलेले असते, गुण भरघोस मिळालेले असतात, आणि तो पदवीधर चेंबरमध्ये येतो तेव्हा वकालतनामा भरताना अडखळतो, पुरसीस म्हणजे काय ते विचारतो. लेखी कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यावयाची, हा नियम त्याला तोंडपाठ. पण कैफियत लिहायला घेतली की पहिल्या परिच्छेदातच गाडी रुतते. याचा भुर्दंड कोणाला? पास झालेल्या मुलाला नव्हे, त्याच्या पहिल्या पक्षकाराला. ज्या विधवेच्या घराचा दावा त्या पोराच्या हाती गेला, तिच्या घरावर तो शिकाऊ हात फिरतो. विद्यार्थिदशेत कागद बिघडवू दिला नाही, की पुढे माणसांचे संसार बिघडतात.

शाळांतील 'प्रकल्प' ही याचीच धाकटी बहीण. रविवारी रात्री आठ वाजता मूल सांगते की उद्या ज्वालामुखी न्यायचा आहे. वडील स्टेशनरीच्या दुकानी धावतात; तेथे ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की सर्व तयार मिळते. नाही मिळाले तर आई रात्री बारापर्यंत कापूस चिकटवीत बसते. सोमवारी हात आईचे, पैसे वडिलांचे, नफा दुकानदाराचा आणि गुण चिरंजिवांचे. शिक्षिकेलाही हे ठाऊक असते. पण साठ मुलांच्या वर्गात, पुढच्या घटकाची तारीख ठरलेली असता, तिने तरी काय करावे? म्हणून आम्ही दोष शिक्षकावर ठेवत नाही. जो अभ्यासक्रम तीस धडे संपवण्याची सक्ती करतो आणि वर 'कृतीही घ्या' असे सांगतो, तो शिक्षकाला लबाडी शिकवतो. कृतीला वेळ लागतो. वेळ द्यायचा तर धडे कमी केले पाहिजेत. धडे कमी न करता कृती वाढवणे म्हणजे ताटात भात तसाच ठेवून पोळ्या वाढत जाणे. शेवटी दोन्ही उष्टी पडतात.

आणि परीक्षा? मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला; १९७८ पासून तो जिल्ह्याच्या सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. त्याच्या कर्त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. त्यांनी परीक्षाही बदलली. मुलांना पुस्तक व वही उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा दिली, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी घेतली. पुस्तक उघडे असले म्हणजे पाठांतराला भाव उरत नाही. विचार केल्यावाचून गत्यंतर राहत नाही. तीस वर्षे चालून २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तरीही धडा शिल्लक आहे. परीक्षा जे मोजते तेच शाळा शिकवते. बाकी सर्व भिंतीवरची सुभाषिते.

आता आमच्या वाचकांच्या मनात येऊ शकेल असा एक आक्षेप. आपली परंपरा तर पाठांतराची. वेद मुखोद्गत राहिले म्हणून टिकले. मग हे हाताचे खूळ परके नव्हे काय? आम्ही पाठांतराचा अवमान करीत नाही. परंतु परंपरेचे नाव घेणाऱ्याने ती पुरी पाहावी. माध्यंदिन शाखेचा बटू संहिता म्हणतो तेव्हा स्वरागणिक त्याचा हात वरखाली, उजवी-डावीकडे चालत असतो. त्या हस्तस्वराविना पाठ पुरा मानीत नाहीत. गुरू समोर बसून ऐकतो, अडवतो, पुन्हा म्हणवून घेतो. हे पुस्तकातले पाठांतर नव्हे, ही दोघांनी मिळून करावयाची क्रिया आहे. शुल्बसूत्रांतील शुल्ब म्हणजे दोरी. खुंट्या ठोकून, दोरी ताणून, विटा रचून वेदी मापात उभारण्याचे ते शास्त्र. आपली भूमिती यज्ञभूमीवर ओणवे होऊन शिकली गेली, फळ्यावर नव्हे. देवळात पाहा. पूजा बांधणे ही कला पुजाऱ्याचा मुलगा कोणत्या ग्रंथातून शिकतो? हजार पानांच्या समाराधनेला मीठ किती, हे आचारी कोठे वाचतो? पखवाजावरचा बोल तोंडाने म्हटला आणि हातातून निघाला नाही, तर तो कीर्तनात काय कामाचा? हातोटी, हातखंडा, हातगुण, हात बसणे, हे शब्द ज्या भाषेत आहेत, तिला हाताने शिकणे परके कसे? परके आहे ते दुसरेच. साहेबाच्या कचेरीला नकलनवीस हवे होते. त्यांच्यासाठी बेतलेली शाळा आपण आपली परंपरा समजून बसलो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि सुरतेत तर त्याला बगल देताच येणार नाही. हातांचे शिक्षण म्हणजे गरिबाच्या मुलाला पुन्हा मजूर करणे नव्हे काय? खानदेशातून आलेली शेकडो मराठी कुटुंबे लिंबायत, उधना या भागांत राहतात. बाप कारखान्यात असतो, घरी साड्यांना खडे-टिकल्या लावण्याचे काम येते, आणि शाळेतून आलेली मुलगीही त्यावर बसते. तिच्या हाताला काम शिकवा असे सांगणे ही क्रूर थट्टा वाटेल. हा आक्षेप आम्ही मान्य करतो आणि म्हणूनच सीमारेषा स्पष्ट आखतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यास बंदी आहे. कुटुंबाच्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्याचा अपवाद ठेवला आहे. कायद्याची रेघ ती. आमची रेघ याहून सोपी आहे. ज्या कामात माल वेळेवर पोहोचवायचा असतो ते श्रम. ज्या कामात माल बिघडवण्याची मोकळीक असते ते शिक्षण. त्या मुलीच्या हातून एक साडी बिघडली तर घरचे पैसे कापले जातात. म्हणून ती तेथे काही शिकत नाही, फक्त राबते. तिला शाळेत कापड द्या, बिघडवू द्या, एका साडीला किती खडे लागतात, किती वेळ जातो, मजुरी किती पडते आणि दुकानात किंमत किती होते याचा हिशेब तिचा तिला मांडू द्या. ती गुणाकार शिकेल, आणि गुणाकाराबरोबर आणखीही काही शिकेल. बहुधा म्हणूनच तसा हिशेब शिकवायला कोणी उत्सुक नसतो.

उलट बाजूनेही पाहावे. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते या शहरात. घंटीवर बसलेला रत्नकलाकार, ज्याची शाळा कित्येकदा आठवी-दहावीत सुटलेली असते, गोल ब्रिलियंट हिऱ्याचे ५७ पैलू नजरेच्या आणि बोटांच्या मापाने बरोबर कोनात आणतो. त्याला कोनाचे ज्ञान आहे. त्या ज्ञानाला प्रमाणपत्र नाही. आणि त्याच शहरात प्रमाणपत्र असलेले कित्येक तरुण असे, की ज्यांच्या हाताने आजवर एक खिळाही सरळ ठोकलेला नाही. पहिल्याला आपण अशिक्षित म्हणतो, दुसऱ्याला सुशिक्षित. ही जी वर्गवारी आहे ती शिक्षणाची नसून प्रतिष्ठेची आहे. आणि हाताच्या कामाला खालचे मानण्याची आपली जुनी खोड तिच्या मुळाशी आहे. म्हणून आमची पहिली अट अशी की, हाताचे शिक्षण द्यायचे तर ते सर्वांच्या मुलांना, वकिलाच्या आणि डॉक्टरच्या मुलांना आधी. नयी तालीम ज्या खडकावर फुटली तो खडक हाच होता.

कोणाला हा वाद फावल्या वेळेचा वाटत असेल तर त्याने २४ मे २०१९ हा दिवस आठवावा. त्या दुपारी सरथाणा भागातील तक्षशिला नावाच्या इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरील वर्गांत शिकायला आलेली मुले अडकली. जीव वाचवायला कित्येकांनी खाली उड्या टाकल्या. २२ जण गेले. त्या मुलांचा दोष काडीचाही नव्हता. दोष सर्वस्वी वडीलधाऱ्यांचा. आपत्ती-व्यवस्थापन हा धडा पाठ्यपुस्तकांत आहे, त्यावर प्रश्न येतात, मुले उत्तरेही बिनचूक लिहितात. पण भिंतीवर टांगलेल्या अग्निशामक नळकांड्याची खीळ किती शिक्षकांनी एकदा तरी ओढून पाहिली आहे? डोळे मिटून जिना उतरण्याचा सराव किती शाळांनी, छायाचित्रकारास न बोलावता, केला आहे? काही विद्या अशा असतात की त्या हातापायांत नसल्या तर नसल्यातच जमा होतात. अशा विद्यांची यादी आपण समजतो त्याहून पुष्कळ लांब आहे.

तर मागणी काय? शासनाकडे आणि मंडळांकडे दोनच. धडे कमी करा, आणि परीक्षेतील निदान निम्मे गुण परीक्षकासमोर करून दाखवण्याला द्या. 'गुण देण्यात पक्षपात होईल' ही सबब आम्ही ऐकणार नाही. न्यायालयात साक्षीदाराची विश्वसनीयता न्यायाधीश नजरेने तोलतो, आणि त्याच्या निर्णयावर अपील असते म्हणून सारा देश ते मान्य करतो. परीक्षकावर अपील ठेवा. परीक्षाच रद्द करू नका.

परंतु शासन जागे होईतोवर आपण काय करायचे? वेदपाठशाळांना शिक्षणहक्काचा कायदा २०१२ च्या दुरुस्तीने लागू होत नाही, आणि देवस्थानांवर तर तो कधी नव्हताच. तेथे बंधन आहे ते आपल्याच विवेकाचे. आपल्या देवस्थानांच्या आणि ज्ञातिसंस्थांच्या समित्या दरवर्षी टक्केवारीची गुणपत्रिका मागवतात, वरून खाली नावे लावतात आणि शाल-श्रीफळ देतात. म्हणजे बोर्डाने जे मोजले तेच आपण पुन्हा मोजतो. आपले स्वतःचे माप आपल्यापाशी नाही. आमची सूचना अशी की, निम्मी पारितोषिके केलेल्या गोष्टीला द्यावीत. ज्याने विहिरीच्या पाण्याची पातळी वर्षभर दर पंधरवड्यास मोजली त्याला. जिने आजीच्या तोंडचे कोंकणी शब्द जमवून, घरोघरी विचारून, त्यांचा अर्थ पडताळला तिला. ज्याने शेजाऱ्यांच्या बिघडलेल्या सायकली दुरुस्त केल्या आणि कोणती का दुरुस्त झाली नाही हेही लिहून ठेवले त्याला. पारितोषिक देताना त्या मुलाला पाच मिनिटे प्रश्न विचारावेत. आई-बापांनी केलेले काम त्या पाच मिनिटांत उघडे पडते. सुट्टीत देवळाचा आचारी, माळी, पखवाजी, सुतार यांच्या हाताखाली मुलांना बसवावे, आणि त्या कारागिरांना गुरू म्हणून आसन व मानधन द्यावे. आसन आधी, मानधन मागाहून. कारण पैसे आपण पूर्वीही देत होतो, आसन मात्र कधी दिले नाही.

यात पाठांतराची हानी नाही, ग्रंथांची नाही, धर्माची तर नाहीच नाही. हानी झालीच तर एका समजुतीची होईल, की जो लिहितो तो शहाणा आणि जो करतो तो त्याचा गडी. ही समजूत जितकी लवकर जाईल तितके बरे. ती घालवण्याचे काम पुढच्या पिढीवर सोपवून भागणार नाही. कारण त्या पिढीचे हात आज आपल्याच ताब्यात आहेत, आणि आपण ते वहीवर दाबून धरले आहेत.